एलिया मिस्त्री आणि ताणलेला दोर

भिंगारच्या चाळीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या अंगणभर आडव्यातिडव्या बांधलेल्या असत. बायका, पोरं, म्हातारे, सगळे त्यांच्याखालून वाकून ये-जा करत. एलिया उजागरे मात्र कधी दोरीखालून गेला नाही. लांबचा वळसा घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं तो आपल्या खोलीशी पोचायचा. शेजारणी म्हणायच्या, "मिस्त्रीला दोरी चावती." त्याची बायको मार्था ऐकून न ऐकल्यासारखं करी. तिला कारण ठाऊक होतं.

तसा एलिया काही मूळचा भित्रा नव्हे. बाप मिशनच्या कारखान्यात घण मारायचा, पोरगा भात्यापाशीच वाढला. अंगानं सडपातळ, पण मनगटं अशी की गंजलेला नट त्याच्या हाती आला की मुकाट सुटायचा. लढाई सुरू झाली तसा छावणीत मोटारींचा पूर आला आणि फिटरांची भरती निघाली. एलियाला एका मोटारखान्यात काम मिळालं. तिथं त्याचा जोडीदार होता सहादेव, भिंगारच्या वेशीजवळ राहणारा, तालमीत घुमलेला, तोंडानं सारखा शीळ घालणारा. दोघांकडे एकच काम असायचं, मोटारींना विंच बसवायचं.

विंच म्हणजे मोटारीच्या तोंडाशी बसवलेला लोखंडी रहाटच म्हणा. इंजिनाच्या जोरावर त्याचं पिंप फिरतं, पिंपावर बोटाएवढा जाड तारेचा दोर गुंडाळत जातो, आणि चिखलात रुतलेली दुसरी मोटार त्या दोरानं ओढून काढता येते. चार बैलजोड्यांना न हलणारं ओझं हा रहाट हलवतो. आता एवढा जोर जो ओढतो, तो स्वतः कशाला धरून उभा आहे, सारा प्रश्न तिथं असतो. मोटारीच्या पोटाखालून पुढपासून मागपर्यंत दोन जाड दांडे जातात, त्यांना चेसी म्हणतात. विंच धरायचा तो चेसीलाच. पुढचा बंपर दिसायला दणकट, पण तो नुसता धक्का खायला असतो.

त्रेचाळीस सालची गोष्ट. एका मोटारीचा विंच घाईनं हवा होता. मैदानावर वरचे साहेबलोक बघायला यायचे होते, आणि चेसीला लागणारे लांब बोल्ट डेपोतून आलेच नव्हते. हुकूम झाला, तूर्त बंपरलाच बसवा. सहादेव तेव्हा हसत म्हणाला होता, "एलिया, नथीला बैल बांधाया निघालेत हे लोक." बोलला आणि हुकमाप्रमाणं दोघांनी काम पुरं केलं. हुकमापुढं कोणाचं काय चालतं?

सकाळी मैदानावर दोर ताणला गेला. चिखलातली मोटार जागची हलेना. दोर गुणगुणायला लागला. तारेचा दोर फार ताणला की बारीक आवाज करतो, कानापेक्षा दातांत जास्त ऐकू येतो. पुढं राहिलेला पाना उचलायला म्हणून सहादेव दोन ढांगा आत गेला. एलियानं हाक मारायला तोंड उघडलं तेवढ्यात बंपर उपसून निघाला. दोर कुठून आला आणि कुठं गेला ते कुणालाच दिसलं नाही. सहादेव उभा होता तिथं आता नुसती धूळ होती. तो बराच लांब पडला होता. दवाखान्यात न्यायच्या आतच संपला.

त्या दिवसापासून एलियाच्या अंगात भीती येऊन बसली. ती काही केल्या उठेना. मिशनच्या देवळात उपासनेआधी कुणी सतारीची तार लावायला घेतली की हा हळूच उठून बाहेर जाई. विहिरीवर मोटेचा नाडा करकरला की याच्या पाठीला घाम फुटे. त्यानं हातापाया पडून विंचचं काम सोडलं आणि ब्रेकच्या कामावर बदलून घेतलं. लढाई संपली, माणसं कमी झाली, त्यात एलियाही सुटला आणि नगरच्या एका लहानशा गॅरेजात लागला. तिथं स्प्रिंगा बदलाव्या, ब्रेक लावावे, संध्याकाळी भिंगारला चालत घरी यावं, असं सुरू झालं. मार्थाला वाटलं, सुटलो. तेवढ्यात घोडेगावाकडचे आप्पासाहेब गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षीचा तो श्रावण होता. आप्पासाहेब मोठे बागाईतदार, तांबडं पागोटं, हातात वेताची काठी. लष्करानं मोडीत काढलेली एक चारी चाकं ओढणारी मोटार त्यांनी घेतली होती. तिच्या मागच्या हौद्यात गोणपाटाखाली काहीतरी जड पडलेलं होतं. बरोबर ड्रायव्हर पुंजाराम होता, मिशा पिळत.

"मिस्त्री," आप्पासाहेब म्हणाले, "ब्रेक लागत न्हाईत ते बघ. आन हे यंत्र मोटारीच्या तोंडाला बसवून दे. आमच्या काळ्या रानात पाऊस झाला की बैलगाडी बी रुतती न् मोटार बी. बाजाराच्या दिवशी निम्मी दुनिया चिखलात."

पुंजारामानं गोणपाट ओढलं. एलियानं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला.

"ब्रेक करतो. हे मला येत न्हाई."

"येत न्हाई? अख्ख्या नगरात ज्याला इचारावं त्यो तुझंच नाव सांगतो."

"दुसरा कुनी बघा, आप्पासाहेब."

आप्पासाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "बरं. तुझी मर्जी. आमचा भीमा लोहार तयार हाय. बंपराला चार बोल्ट मारून देतो म्हनला. ब्रेक तेवढं नीट कर. पुंजा हितंच थांबंल, दोन दिसांनी गाडी न्हील."

ते निघून गेले. एलिया मोटारीखाली शिरला, पण त्याला ब्रेक दिसेनात. कानात एकच शब्द घोळत होता, बंपराला. बंपराला चार बोल्ट.

संध्याकाळी जेवताना त्यानं भाकरीचा एकच तुकडा सारखा मोडत ठेवला. मार्थानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"तुमी न्हाई बसवलं तर ते बसायचं ऱ्हानार हाय का?" मार्था म्हणाली.

"न्हाई."

"मग?"

"मग काय मग? माझ्या हातानं बसवावं, आन उद्या त्यातनं मानूस जावा?"

मार्थानं कालवणाचं भांडं खाली ठेवलं. "आन भीमाच्या हातानं बसल्यावर गेला, तर तुमाला झोप लागंल व्हय?"

एलियाला राग आला. इतका, की तो ताटावरून उठला. राग बायकोचा नव्हता. दोन्हीकडून दार बंद झालेल्या माणसाला येतो तसला तो राग होता. बाहेर ओट्यावर बसून त्यानं प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द आले नाहीत. देवबापा, एवढं म्हणून तो थांबला आणि आत गेला.

सकाळी गॅरेजात जाऊन त्यानं पुंजारामाला सांगितलं, "भीमाला निरोप धाडा. म्हनावं येऊ नको."

काम सुरू झालं तसा पुंजाराम वैतागून गेला. त्याला वाटलं होतं, एका दिवसाचा खेळ. एलियानं आधी विंच खोलून सगळा धुतला. मग दोर उन्हात लांबवर पसरला आणि हातात चामड्याचा पंजा घालून हातभर हातभर तपासत गेला. तुटलेल्या तारेचं टोक लागलं की थांबायचा. एका जागी चार-पाच तारा तुटलेल्या निघाल्या. तिथं त्यानं छिन्नी लावून दोर तोडला आणि चांगला तुकडा तेवढा ठेवला.

"अवो मिस्त्री, एवढा दोर वाया घातला!"

"जिथं दोन तारा तुटल्यात तिथं तिसरी वाट बघत असती," एलिया म्हणाला.

मग बंपर काढून टाकला. चेसीच्या दोन्ही दांड्यांना आतून-बाहेरून जाड पट्ट्या लावल्या, दांडा दबू नये म्हणून आत लोखंडी नळ्या बसवल्या, आणि आरपार बोल्ट घालून विंच दोन दांड्यांच्या मधोमध धरला. एकेक नट आवळून झाला की दुसरा नट वरून चढवला. पाना दोनदा निसटला, एकदा बोटाचं साल निघालं. रात्री घरी गेल्यावर त्याला वाटे, डावीकडचा मागचा नट राहिला. पहाटेच उठून तो चालत नगरला येई आणि तोच नट पुन्हा आवळून बघे. तो घट्टच असे. शेवटी त्यानं प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत चुन्याची रेघ ओढली. नट केसभर फिरला तरी रेघ मोडलेली दिसावी.

इंजिनातून विंचपर्यंत जाणाऱ्या दांड्यात एक पिन असते. ती त्यानं मऊ लोखंडाची घातली आणि तसल्याच आणखी मूठभर पिना कापून डबीत भरून ठेवल्या.

"ही तर दाबली की मोडंल," पुंजाराम म्हणाला.

"मोडायलाच हाय ती. जोर झेपंना झाला की पयली ती मोडती, विंच थांबतो. ती न्हाई मोडली तर दोर मोडतो."

पुंजारामाला हे काही पटलं नाही. मोडायचीच वस्तू घालायची कशाला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मोटार न्यायला आप्पासाहेब आले तेव्हा एलियाच्या तोंडून निघून गेलं, "पयल्यांदा ओढाल तवा मी तिथं पायजे. मला बलवल्याबिगर दोर सोडू नका." बोलून गेला आणि भिंगारला पोचेपर्यंत स्वतःलाच शिव्या देत राहिला. काम झालं होतं. आता कुणी त्याला बोलावलं नसतं. आपण होऊन फासात मान का दिली?

भाद्रपदात निरोप आला. घोडेगावच्या बाजारादिवशी एक रिकामी गाडी चिखलात घालून ओढून बघायची. पुंजाराम सकाळी मोटार घेऊन भिंगारला आला. एलिया त्याच्या शेजारी बसला. मार्थानं दिलेली भाकरी त्यानं वाटेत सोडली नाही. आभाळ डोंगराकडे काळं झालेलं, इकडं मात्र ऊन. पुंजाराम गप्पा मारत होता आणि एलिया बसल्या जागी एकेक बोल्ट मनात मोजून बघत होता.

घोडेगाव जवळ आलं आणि पुढं रस्त्यावर माणसांची भिंत दिसली. ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका दगडी पूल, तिथं होती. आप्पासाहेब गर्दीतून धावतच आले, पागोटं हातात.

"बरं झालं आलासा! सर्व्हिस मोटार फरशीवरनं घसरली. मानसं आत हायेत."

एलिया खाली उतरून गर्दीतून पुढं गेला. बाजाराची माणसं घेऊन येणारी प्रवासी मोटार फरशीच्या कडेवरून काळ्या चिखलात उतरली होती. मागची चाकं पाण्यात, तोंड वर, आणि सगळी एका अंगावर कललेली. दार पाण्याच्या बाजूला. तरणे बाप्ये खिडक्यांतून उड्या टाकून बाहेर आले होते. आत बायका होत्या, लेकुरवाळ्या होत्या, म्हातारी माणसं होती. कुणी उठून हललं की मोटार डुलायची, म्हणून कंडक्टर फरशीवरून ओरडून सगळ्यांना जागेवर बसवत होता. डोंगराकडे झालेल्या पावसाचं गढूळ पाणी पायरीला लागलं होतं.

"बैल लावलं का?"

"चार जोड्या लावल्या. बैलच रुतायला लागलं."

पुंजारामानं मोटार मुरमाड रस्त्यावर, रुतलेल्या मोटारीच्या अगदी समोर आणली. चाकांपुढं धोंडे घातले, मागून बाभळीच्या बुंध्याला साखळी बांधली. एलियानं दोर सोडला आणि आकडा प्रवासी मोटारीच्या पुढच्या चेसीला अडकवला. त्याला आपले हात दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. पुंजारामानं विंच लावला. दोर उचलला गेला, सरळ झाला, आणि ते गुणगुणणं सुरू झालं.

एलिया जागच्या जागी गोठला. त्याला ओढा दिसेना. त्याला मैदान दिसत होतं, धूळ दिसत होती.

खट् असा आवाज झाला आणि तो पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर. दोर ढिला पडून चिखलात लोळला. रुतलेली मोटार थोडी पुढं आलेली पुन्हा मागं बसली, जास्त कलली, आत बायकांनी आरोळी ठोकली. कुणीतरी एलियाकडे बोट दाखवून हसलं. काही तुटलं नव्हतं. मऊ पिन मोडली होती, तिनं तिचं काम केलं होतं.

पुंजाराम धावत आला. त्याच्या हातात एक पोलादी बोल्ट होता. "हा बरोब्बर बसतो. म्या माप घिऊन ठिवलाय. मिस्त्री, घाला हा, एका दमात निघंल!"

"घाल," आप्पासाहेब म्हणाले. "पानी चढतंय, एलिया. घाल काय घालायचं ते."

बोल्ट एलियाच्या तळहातावर आला. थंड, जड, पिनेच्या भोकात अलगद जाईल असा. पाणी पायरीच्या वर गेलं होतं. आत एक पोर टाहो फोडत होतं. घातला आणि मोटार निघाली, तर सगळे त्याला डोक्यावर घेतील. आणि घातला, मोटार निघाली नाही, तर? त्यानं दोराकडे पाहिलं. दोराच्या दोन्ही अंगांना माणसं खेटून उभी होती, जशी मिरवणूक बघायला उभी राहतात. एक बाई काखेत पोर घेऊन दोर ओलांडून पलीकडे गेली. पाण्याची भीती एकीकडे आणि दोराची एकीकडे, आणि मधे हा बोल्ट घेऊन उभा.

"न्हाई," तो म्हणाला. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "न्हाई. हा न्हाई घालायचा." आणि दुसऱ्या कुणी घालू नये म्हणून बोल्ट खिशात टाकला.

"मग काय मानसं बुडवतो का?" पुंजाराम ओरडला.

"कप्पी हाय हौद्यात. विंचबरोबर आलेली. ती आन."

एलियानं भराभर सांगितलं. कप्पी रुतलेल्या मोटारीला बांधायची, दोर तिच्यातून फिरवून परत इकडं आणायचा आणि टोक रस्त्याकडच्या दुसऱ्या बाभळीला पक्कं करायचं. ओढणं हळू होईल, पण विंचवरचा भार निम्म्यावर येईल. मऊ पिन तेवढा भार सोसेल. सोसावा. त्यानं देवबापाचं नाव घेतलं आणि कप्पी खांद्यावर टाकून चिखलात उतरला.

चिखल मांडीपर्यंत आला. चार शेतकरी खोरी घेऊन त्याच्यामागं उतरले आणि पुढच्या चाकांपुढची माती उकरायला लागले. एलिया कप्पी बांधत होता तेव्हा वरच्या खिडकीतून एक म्हातारी वाकून बघत होती. सुरकुतलेला चेहरा, कपाळावर पिंजर फिसकटलेलं.

"बाबा, बुडतंय का रं?"

"न्हाई आजी. नाव काय तुमचं?"

"मुक्ताबाई."

"मुक्ताबाई, समद्यास्नी सांगा, डोकी खाली घालून बसा. दोर सुटला तर काचंवर येईल. कुनी वर बघायचं न्हाई."

म्हातारीनं आत वळून मोठ्यानं सांगितलं. तिचं सगळ्यांनी ऐकलं.

बाहेरचे मात्र ऐकेनात. एलिया वर आला, डबीतली नवी पिन घातली आणि ओरडला, "मागं सरा! दोरापासनं लांब व्हा!" माणसं दोन पावलं सरली आणि पुन्हा पुढं आली. एका पागोटेवाल्यानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू कोन रं आमाला हाकलनारा? रस्ता काय तुज्या बापाचा?"

परगाव, बाजारभर माणूस, आणि आपण भिंगारचा किरिस्ताव मिस्त्री. असल्या जागी खाली मान घालून काम करायचं असतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ही दुसरीच भीती होती, जुनी, बापाकडून आलेली. ती मानेवर हात ठेवून त्याला खाली दाबत होती.

"दादा," तो म्हणाला. "माझा जोडीदार असाच उभा हुता. सहादेव नाव त्याचं. तुमी हायसा तिथंच, दोराच्या एवढंच जवळ. दोर सुटला. आमी त्याला चादरीत घालून आनला. मानूस वळखू येत नव्हता, दादा. तुमाला घरी पोरं असतील. मी तुमच्या पाया पडतो, मागं सरा."

पाच वर्षांत हे त्यानं मार्थाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. पागोटेवाल्यानं मागं वळून आपल्या पोराचा दंड धरला आणि त्याला ओढतच शेताच्या बांधापर्यंत नेलं. मग आप्पासाहेबांनी काठी उचलली आणि माणसं भराभर मागं हटली. बाजाराच्या गोणपाटाचा एक ढीग होता. त्यातली पोती पाण्यात भिजवून एलियानं दोरावर जागोजाग टाकायला लावली. दोर तुटलाच तर त्या वजनानं खाली पडावा, हवेत फिरू नये. ओढणाऱ्या मोटारीचं बॉनेट त्यानं उघडून उभं केलं, पुंजारामाच्या आड यावं म्हणून.

"मला पुढचं दिसंना," पुंजाराम म्हणाला.

"माझा हात दिसतो न्हवं? हात वर, ओढ. हात खाली, जिथल्या तिथं थांब. दुसऱ्या कुनाचं ऐकायचं न्हाई."

तो बाजूला, दोर पोचणार नाही एवढ्या लांब जाऊन उभा राहिला आणि हात वर केला.

दोर ताणला. पोती उचलली गेली, त्यांतून पाणी ठिबकायला लागलं. मग ते गुणगुणणं आलं, दातांत, कानशिलात, पोटात. एलियाला डोळे मिटून घ्यावे वाटले. पण हात त्याचा होता आणि डोळ्यांवाचून हात आंधळा. त्यानं डोळे उघडे ठेवले. दोर बघितला, बाभळीच्या बुंध्याला पडलेला करकोचा बघितला, चुन्याच्या रेघा बघितल्या. धोतर चिखलानं आणि घामानं पायाला चिकटलं होतं. कुठूनतरी एक कुत्रं दोराकडे धावलं. एलियाचा हात खाली आला, विंच थांबला. कुणीतरी कुत्र्याला धोंडा मारला. हात पुन्हा वर.

मोटार हलली. आधी एवढीशी, की वाटलं भास झाला. मग चिखलानं तिला सोडताना मोठा आवाज केला, पुढची चाकं फरशीवर चढली, मोटार सरळ झाली, आणि मागच्या चाकांतून पाणी गाळत ती सावकाश, म्हशीसारखी, रस्त्यावर येऊन उभी राहिली.

लोकांचा एकच कल्ला झाला. माणसं पुढं धावणार तोच एलिया ओरडला, "थांबा! दोर ढिला हू द्या!" आणि या वेळी सगळे थांबले. पुंजारामानं दोर सोडला. बायका उतरायला लागल्या, कुणी रडत, कुणी पोरांना मारत. मुक्ताबाई उतरली, तिनं आपलं बाजाराचं गाठोडं चाचपून पाहिलं आणि मगच ओढ्याकडे बघून हात जोडले.

एलिया बाभळीमागं जाऊन ओकला. पोटात काही नव्हतं तरी बराच वेळ उमासे येत राहिले. पुंजाराम पाण्याचा तांब्या घेऊन आला, वरूनच त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. एलियानं खिशातला बोल्ट काढून त्याच्या हातात दिला. पुंजारामानं तो वाहत्या पाण्यात भिरकावला.

आप्पासाहेबांच्या वाड्यावर चहा झाला. बाहेरच्या ओट्यावर, कान उडालेल्या वेगळ्या कपातून, जसा एलियाच्या जातीच्या माणसाला मिळायचा तसाच. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला. आप्पासाहेब आत-बाहेर करत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "पोरी, सुना हुत्या रं आत. आमच्याच गावच्या." आणि पुन्हा आत गेले.

परतताना पुंजारामाला आप्पासाहेबांनी ठेवून घेतलं, म्हणून एलिया त्याच प्रवासी मोटारीनं नगरला निघाला. मोटार धुतलेली, पण बाकांना ओल होती. मुक्ताबाईही नगरला लेकीकडे निघाली होती. ती त्याच्याशेजारीच येऊन टेकली, त्याची जात-पात काही न विचारता. इमामपूरचा घाट लागला तेव्हा तिला डोळा लागला आणि तिचं डोकं एलियाच्या खांद्यावर आलं. तो नगर येईपर्यंत हलला नाही. उन्हं उतरली होती. मार्थाला काय सांगावं, कुठून सुरू करावं, हे तो मनात जुळवत होता आणि ते जुळत नव्हतं.

पुढं बरीच वर्षं एलियानं विंच बसवले. शेवगावकडून, पाथर्डीकडून मोटारी यायच्या. भीती गेली का? नाही गेली. प्रत्येक मोटारीच्या पहिल्या ओढीला तो जायचा, आधी जेवायचा नाही, आणि झाल्यावर कुठल्यातरी झाडामागं जाऊन बसायचा. त्याच्या हातच्या कामानं कुणी दगावल्याचं कुणाला आठवत नाही. घोडेगावच्या बाजारात मात्र त्याचं नावच पडलं होतं, मागंसरा मिस्त्री. तो दिसला की टवाळ पोरं लांबूनच ओरडत, "आला, आला, मागं सरा!" आणि एलियानं हात वर केला की हसत हसत का होईना, लोक मागं सरत.